सागरी सूक्ष्मजीवाश्म वाचायला शिकताना

समुद्राच्या गाळात वाळूच्या कणाएवढी, बहुतेकदा त्याहूनही लहान कवचं असतात. ती धुऊन, निवडून, ओळखून खडकाचं वय सांगता येतं आणि त्या जागी पूर्वी समुद्र किती खोल, किती गरम, किती खारा होता याचाही अंदाज बांधता येतो. सुरुवातीला या कामाला फार महागडी साधनं लागत नाहीत. धीर लागतो आणि वहीत नीट नोंदी ठेवण्याची सवय लागते. भूविज्ञान नुकतंच शिकायला घेतलेले विद्यार्थी, शिक्षक आणि हौशी मंडळी यांच्यासाठी पहिल्या नमुन्यापासून पहिल्या निष्कर्षापर्यंतची वाट इथे मांडली आहे. भर फोरॅमिनिफेरांवर, म्हणजे कवच बांधणाऱ्या एकपेशी सागरी जीवांवर आहे. प्रयोगशाळेत सगळे त्यांना नुसतं ‘फोरॅम’ म्हणतात.

आधी प्रश्न ठरवा

तुम्हाला वय हवंय की परिसर? दोन्हीसाठी एकाच गाळात हात घालावा लागतो, पण साक्षीदार वेगळे असतात. वयासाठी अशी जात उपयोगी पडते जी झपाट्याने बदलत गेली, दूरदूरच्या समुद्रांत पसरली आणि लवकर नाहीशी झाली. पाण्याच्या वरच्या थरात तरंगत जगणारे प्लवक फोरॅम त्यात बसतात. परिसरासाठी तळाच्या चिखलात राहणारे तळवासी फोरॅम बघायचे. खारेपणा, प्राणवायू, अन्न यांबाबत ते चोखंदळ असतात. त्यांतल्या कित्येक जाती लाखो वर्षं फारशा न बदलता टिकतात, म्हणून वयाच्या कामी त्यांचा भरवसा नाही. याला मोठा अपवाद म्हणजे नुम्युलाइट्ससारखे उथळ, उबदार समुद्रातले नाण्यासारखे चपटे फोरॅम. कच्छमधल्या इओसीन काळातल्या चुनखडकांचं वय लावताना तेच मुख्य आधार ठरतात आणि ते नुसत्या डोळ्यांनीही दिसतात.

फोरॅमखेरीज इतरही गट आहेत. रेडिओलेरिया (तरंगणारे एकपेशी जीव) आणि डायटम (एकपेशी शैवालं) यांची कवचं सिलिकाची असतात. खोल समुद्रात, साधारण चार-पाच किलोमीटरच्या खाली, चुन्याची कवचं विरघळून जातात, तिथे सिलिकाची मदत होते. नॅनोजीवाश्म, म्हणजे सूक्ष्म शैवालांच्या चुनेरी कवचांचे अवशेष, इतके बारीक असतात की दातकोरणीच्या टोकावर येईल एवढा गाळ काचपट्टीवर पसरून, ध्रुवित प्रकाशात हजारपट मोठं करून बघावे लागतात. ट्रायासिक आणि त्याहून जुन्या खडकांत कोनोडॉन्ट नावाचे दातासारखे अवशेष मिळतात. हिमालयात स्पितीच्या खोऱ्यातले खडक त्यांच्यासाठी प्रसिद्ध आहेत. खडक जितका तापला असेल तितका कोनोडॉन्टचा रंग फिकट पिवळ्याकडून काळ्याकडे जातो, त्यामुळे तेल शोधणाऱ्यांना तो आयता तापमापक मिळतो. नवशिक्याने मात्र फोरॅमपासूनच सुरुवात करावी असं माझं ठाम मत आहे. साध्या स्टिरिओ सूक्ष्मदर्शकाखाली ते दिसतात, हाताळता येतात आणि जवळपास प्रत्येक सागरी गाळात असतात.

नमुना कुठून आणायचा

महाराष्ट्राचा बहुतेक भाग बेसॉल्टचा, म्हणजे थिजलेल्या लाव्हाचा आहे. लाव्हाच्या दोन थरांमध्ये नागपूरकडे जो गाळ सापडतो तो गोड्या पाण्याचा. त्यात सागरी फोरॅम शोधत बसू नका. सरावासाठी कोकण किंवा गोव्यातली कुठलीही खाडी उत्तम. खाडीच्या मुखापासून आत कांदळवनापर्यंत ओहोटीला उघडा पडणारा चिखल तीन-चार ठिकाणांहून घ्या. फक्त वरचा एक सेंटिमीटर घ्या, चमच्याने खरवडून. प्रत्येक पिशवीवर जागा, तारीख, भरती-ओहोटीची वेळ आणि जमलं तर पाण्याचा खारेपणा लिहा. नुसतं ‘नमुना १’ लिहिलेली पिशवी महिन्याभराने कुणाच्याच उपयोगाची राहत नाही.

जुने खडक हवे असतील तर कच्छ किंवा तमिळनाडूतला अरियलूर-तिरुचिरापल्लीचा क्रेटेशियस, म्हणजे डायनोसॉरांच्या शेवटच्या काळातला, पट्टा बघा. जमीनमालकाची किंवा खाणीची परवानगी घ्या. पृष्ठभागावरचा झिजलेला दगड बाजूला सारून आतला ताजा खडक काढा आणि प्रत्येक नमुन्याची थरातली उंची टेप लावून मोजा. चुनेरी माती आणि मऊ शेल (मातीचा पातळ थरांचा खडक) सोपे. घट्ट चुनखडकातून कवचं सुटी होत नाहीत, त्याचे पातळ काप करावे लागतात.

कांदळवनातला चिखल आम्लधर्मी असतो. तो पिशवीत नुसता पडून राहिला तर चुन्याची कवचं विरघळू लागतात आणि मग ‘इथे चुन्याचे फोरॅम नव्हतेच’ असा चुकीचा निष्कर्ष निघतो. म्हणून तो लवकर धुवा, किंवा अल्कोहोलमध्ये चिमूटभर खाण्याचा सोडा घालून त्यात ठेवा. नमुना घेताना कोणते फोरॅम जिवंत होते हे बघायचं असेल तर अल्कोहोलमध्ये रोझ बेंगॉल हा रंग घालतात. जिवंत पेशी गडद गुलाबी होतात, रिकामी कवचं पांढरीच राहतात.

धुणं

समुद्रतळाचा मऊ गाळ असेल तर दहा ग्रॅम कोरडा पुरतो, खडकाचे शंभरेक ग्रॅम घ्या. आधी वाळवून वजन करा. वजन न करता धुतलं तर दर ग्रॅमला किती फोरॅम हे नंतर कधीच काढता येत नाही. मग रात्रभर पाण्यात भिजत ठेवा. माती सुटत नसेल तर पाण्यात थोडं सोडियम हेक्झामेटाफॉस्फेट टाका. तरीही सुटली नाही तर हायड्रोजन पेरॉक्साइडचं सौम्य द्रावण वापरा, हातमोजे आणि चष्मा घालून. आम्ल अजिबात नको.

पुढचं साधन ६३ मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) पोलादी चाळणी. दुकानात ती २३० मेश या नावाने मिळते. गाळ तीवर ओता आणि नळाच्या अगदी हलक्या धारेखाली, खालून निघणारं पाणी नितळ होईपर्यंत धुवा. बोटाने रगडू नका, पातळ कवचं त्यातच फुटतात. चाळणीवर उरलेला भाग पसरट भांड्यात घेऊन साठ अंशांच्या आत वाळवा. डिस्टिल्ड पाणी किंचित आम्लधर्मी असू शकतं, त्यात कवचं तासन्‌तास ठेवू नका.

इथे एक जुनी युक्ती सांगायलाच हवी. दोन नमुन्यांच्या मध्ये चाळणी घासून धुवा आणि मिथिलीन ब्लूच्या द्रावणात बुडवून काढा. जाळीत अडकून राहिलेली आधीच्या नमुन्यातली कवचं निळी होतात. पुढच्या नमुन्यात निळं कवच दिसलं की ते उपरं आहे हे लगेच कळतं. एका जातीच्या एका कवचावरून खडकाचं वय काही लाख वर्षांनी सरकू शकतं, तेव्हा हा निळा रंग ऐच्छिक मानू नका.

निवडणं

वाळलेला भाग आणखी चाळून १५० मायक्रॉनच्या वरचा आणि खालचा असे दोन वाटे करा. वरच्या वाट्यापासून सुरुवात करा. सगळं निवडणं शक्य नसतं, म्हणून नमुना विभाजकाने अर्धा, पुन्हा अर्धा करत तीनशेच्या आसपास कवचं उरतील इतका भाग घ्या. विभाजक नसेल तर कागदावर ढीग करून त्याचे चार भाग पाडा आणि समोरासमोरचे दोन उचला. चमच्याने ‘थोडंसं’ काढू नका. ढिगात बारीक आणि मोठे कण वेगळे साचलेले असतात.

चौकटी आखलेल्या काळ्या थाळीत हा भाग विरळ पसरा. तीन शून्यांचा बारीक ब्रश पाण्यात बुडवून टिपकागदावर टेकवा, टोकाला जेमतेम ओल राहायला हवी. कवचाला ते टोक नुसतं लावलं की ते चिकटून येतं. एक एक चौकट पूर्ण करत पुढे सरका. तांदूळ निवडताना नजर आणि हात जसे आपोआप जुळतात, तसे ते इथेही थोड्या सरावाने जुळतात. निवडलेली कवचं साठ घरांच्या काळ्या स्लाइडवर, पाण्यात सुटणाऱ्या पातळ डिंकावर ठेवा. डिंकात लवंग तेलाचा थेंब टाकला की बुरशी धरत नाही. डिंक पाण्यात सुटणाराच हवा, कारण कवच उलटंपालटं करून बघावं लागतं.

ओळख पटवणं

नावं पाठ करण्याच्या आधी बघायचं काय ते शिका: कप्पे किती आणि कसे रचलेत, तोंड कुठे आहे, कडेला धार आहे का, पृष्ठभाग गुळगुळीत आहे की खडबडीत, कवच चुन्याचं आहे की वाळूचे कण चिकटवून केलेलं.

अरबी समुद्राच्या गाळातली चार नावं आधी पक्की करा. ग्लोबिजेरिनॉइडीस रूबरच्या शेवटच्या वेढ्यात तीन फुगीर कप्पे असतात, मुख्य तोंड कमानीसारखं असतं आणि पाठीच्या बाजूला दोन जास्तीची लहान तोंडं दिसतात. ही पाठीवरची तोंडं बघण्यासाठी कवच उलटवावंच लागतं. ग्लोबिजेरिना बुलॉयडीसला चार गोल कप्पे आणि मध्यभागी एकच मोठं उघडं तोंड. ऑर्ब्युलिना म्हणजे जवळजवळ परिपूर्ण गोळा, अंगभर छिद्रं. ग्लोबोरोटालिया मेनार्डाय चपटा, तबकडीसारखा, कडेला जाडसर धार असलेला. हे चार ओळखता आले की उरलेल्यांचा वेगळेपणा आपोआप नजरेत भरू लागतो.

खाडीच्या नमुन्यात यांतलं जवळजवळ काही नसेल. तिथे अमोनिया नावाच्या तळवासी फोरॅमची गुंडाळीदार कवचं भरपूर मिळतील. खारेपणाचे मोठे चढउतार ती सहन करतात. कांदळवनात आत शिराल तशी चुन्याची कवचं कमी होत जातील आणि वाळूकण चिकटवून घर बांधणारे ट्रोकॅमिनासारखे तपकिरी फोरॅम वाढतील.

किती मोजायचे

तीनशे. हा आकडा परंपरेने आलेला असला तरी त्यामागे गणित आहे. समजा एखादी जात खरोखर १० टक्के आहे. तीनशे कवचं मोजली तर तुमच्या उत्तरात साधारण साडेतीन टक्क्यांचा मागेपुढे फरक पडू शकतो. पन्नासच मोजली तर हाच फरक आठ टक्क्यांवर जातो, म्हणजे दोन टक्के आणि अठरा टक्के यांतलं अंतर तुम्हाला कळणारच नाही. दोन थरांमध्ये ‘बदल झाला’ असं म्हणण्याआधी तो या फरकापेक्षा मोठा आहे ना, ते तपासा.

परिसर वाचणं

सगळ्यात सोपं माप म्हणजे प्लवक फोरॅमचं शेकडा प्रमाण. किनाऱ्यालगत ते फारच कमी असतं. उथळ समुद्राच्या बाहेरच्या काठाकडे ते निम्म्यावर येतं आणि त्यापलीकडच्या खोल पाण्यात बहुसंख्य कवचं प्लवकांचीच असतात. पण कवचं विरघळली असतील तर हे प्रमाण फसवतं, कारण पातळ प्लवक कवचं आधी जातात. म्हणून फुटक्या तुकड्यांचीही मोजणी ठेवा. तुकडे फार असतील तर खोलीचा आकडा देऊ नका.

असल्या वाचनाचं मला फार आवडणारं उदाहरण लोथलचं. तिथल्या हडप्पाकालीन मोठ्या आयताकृती विटांच्या बांधकामाला काहीजण गोदी म्हणत, काहीजण सिंचनाचा तलाव. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतले राजीव निगम यांनी १९८८ मध्ये आतल्या गाळातले फोरॅम बघून या वादाचं परीक्षण केलं. फोरॅम समुद्राच्या पाण्याबरोबरच येतात, गोड्या पाण्याच्या तलावात त्यांचं काम नाही. त्या गाळात ते सापडले आणि गोदीच्या बाजूला वजन आलं.

दुसरं उदाहरण मोसमी पावसाचं. नैऋत्य मोसमी वारे जोरात वाहतात तेव्हा ओमानच्या किनाऱ्याजवळ खालचं थंड, पोषक पाणी वर येतं. त्या पाण्यात ग्लोबिजेरिना बुलॉयडीस बहरतो. म्हणजे तिथल्या गाळात बुलॉयडीसचं प्रमाण वाढलेलं दिसलं की त्या काळी वारे जोरात होते असं धरता येतं. अनिल गुप्ता आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये याच पद्धतीने ओमानजवळच्या गाळातून गेल्या सुमारे दहा हजार वर्षांतल्या मोसमी वाऱ्यांचे चढउतार काढले आणि उत्तर अटलांटिकमधल्या थंडीच्या टप्प्यांशी त्यांचा मेळ दाखवला. हेच गणित रत्नागिरीसमोरच्या गाळाला जसंच्या तसं लावायचं नाही. जिथे थंड पाणी वर येण्याचं कारण वेगळं, तिथे बुलॉयडीसचा अर्थही वेगळा.

त्यापुढची पायरी कवचाच्या रसायनाची, पण ती प्रयोगशाळेशिवाय जमणारी नाही. कवचातल्या जड आणि हलक्या ऑक्सिजनच्या प्रमाणावरून तापमान काढण्याची पद्धत सेझारे एमिलियानींनी १९५५ मध्ये खोल समुद्राच्या गाळावर वापरली. पाणी एक अंशाने तापलं की हे प्रमाण साधारण हजारी पाव भागाने उतरतं. पुढे १९६७ मध्ये निकोलस शॅकलटन यांनी दाखवलं की या बदलाचा मोठा वाटा तापमानाचा नसून ध्रुवांकडच्या बर्फात अडकलेल्या पाण्याचा आहे. तुमच्या हातात असतं ते एवढंच की एकाच जातीची, एकाच आकाराची, स्वच्छ कवचं निवडून द्यायची. तिथे ढिलाई झाली तर यंत्र कितीही चांगलं असलं तरी आकडा बिनकामाचा.

वय काढणं

वयाचं सगळं काम दोन घटनांवर चालतं: जात पहिल्यांदा कुठे दिसते आणि शेवटची कुठे दिसते. ऑर्ब्युलिना सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी अवतरला. तो दिसला की गाळ त्याहून जुना असू शकत नाही. रूबरची गुलाबी रंगाची कवचं अटलांटिकमध्ये आजही मिळतात, पण हिंदी आणि प्रशांत महासागरांतून ती सुमारे १ लाख २० हजार वर्षांपूर्वी नाहीशी झाली. अरबी समुद्राच्या गाळात जागच्या जागी असलेलं गुलाबी रूबर सापडलं की तो थर १ लाख २० हजार वर्षांपेक्षा जुना. उलट मात्र लगेच म्हणता येत नाही. गुलाबी कवच दिसलं नाही म्हणून गाळ नवा असं होत नाही, कदाचित तुम्ही पुरेशी कवचं बघितली नसतील. ‘आहे’ या साक्षीला ‘नाही’पेक्षा नेहमीच जास्त वजन द्या. आणि जो नमुना रोझ बेंगॉलने रंगवला आहे त्यात गुलाबी रूबर शोधू नका.

कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या खडकात हे किती बारकाईने जमतं ते बघायचं तर डायनोसॉर संपले त्या सीमेकडे जावं, सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या. इटलीतल्या गुब्बिओजवळच्या चुनखडकात सीमेच्या खाली ग्लोबोट्रंकानासारखी मोठी, नक्षीदार, दुहेरी धारेची कवचं आहेत. मध्ये मातीचा पातळ थर आणि त्याच्या वर एकदम चिमुकले, साधे फोरॅम. त्यातल्या एका जातीला गुब्बिओवरूनच पार्व्ह्युलारुगोग्लोबिजेरिना युगुबिना हे नाव मिळालं. त्याच मातीच्या थरातल्या इरिडियमवरून, म्हणजे पृथ्वीच्या कवचात दुर्मिळ पण अशनींत जास्त असणाऱ्या धातूवरून, १९८० मध्ये अल्वारेझ पितापुत्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशनी आदळल्याचा सिद्धांत मांडला.

याचा आपल्या सह्याद्रीशी थेट संबंध आहे. आंध्रात राजमहेंद्रीजवळच्या खाणींत, सह्याद्री ज्याचा बनला त्याच डेक्कन बेसॉल्टचे प्रवाह आहेत आणि त्यांच्या मध्ये सागरी गाळ अडकलेला आहे. गेर्टा केलर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये या गाळातून सीमेच्या लगेच नंतरचे प्लवक फोरॅम दाखवले. म्हणजे खालचा लाव्हा क्रेटेशियसच्या अखेरीचा आणि वरचा त्यानंतरचा. बेसॉल्टचं वय किरणोत्सारी पद्धतीने मोजता येतं, पण लाव्हा आधी की जीवसंहार आधी हा क्रम एकाच खाणीच्या भिंतीत दाखवला तो या कवचांनी. ही कवचं इतकी लहान आहेत की १५० मायक्रॉनच्या वरचा वाटाच बघणाऱ्याला तो थर जवळजवळ रिकामा वाटेल. म्हणूनच बारीक वाटा कधीही फेकू नका.

कुठे फसतं

जुनी कवचं धुपून नव्या गाळात येतात. त्यांचा रंग आणि झीज आजूबाजूच्या कवचांपेक्षा वेगळी दिसते. थरातला एखादाच फोरॅम बाकी सगळ्यांपेक्षा जुना निघाला तर आधी हा संशय घ्या. तेलविहिरींत उलटी अडचण असते. वरच्या थरातले तुकडे ढासळून खालच्या नमुन्यात मिसळतात, त्यामुळे जात पहिल्यांदा कुठे अवतरली हे विहिरीच्या चुऱ्यावरून सांगणं धोक्याचं. म्हणून विहिरींवर काम करणारे वरून खाली येताना जात जिथे प्रथम भेटते, म्हणजे तिचं शेवटचं अस्तित्व, त्यालाच धरून चालतात.

आणखी एक काळजी. ज्या जातीवरून ‘समुद्र थंड झाला’ म्हणता, तिच्याच नाहीसं होण्यावरून वय लावू नका. थंडीमुळे ती फक्त इथून निघून गेली असेल आणि दुसरीकडे जगत असेल. मेनार्डाय अटलांटिकमध्ये हिमयुगांत असाच नाहीसा होतो आणि उबदार काळात परत येतो. एका जातीवर कधीही विसंबू नका. दोन-तीन घटना एकाच वयाकडे बोट दाखवत असतील तरच ते लिहा, आणि सुमारे ५० हजार वर्षांच्या आतला गाळ असेल तर फोरॅमच्याच कवचांवर रेडिओकार्बन चाचणी करून घ्या.

जाती पडताळायला मायक्रोटॅक्स हे संकेतस्थळ विनामूल्य आहे. प्लवक फोरॅम आणि नॅनोजीवाश्म यांची छायाचित्रं, वर्णनं आणि कालमर्यादा तिथे मिळतात. तळवासी जातींची आजची मान्य नावं सागरी जातींच्या जागतिक नोंदवहीत बघा, कारण जुन्या लेखांतली नावं बरीच बदलली आहेत. तरी पहिल्या दोन-तीन स्लाइड एखाद्या जाणकाराला दाखवाच. गोव्यात दोना पावलाची समुद्रविज्ञान संस्था, पुण्यात आघारकर संशोधन संस्था आणि विद्यापीठांचे भूविज्ञान विभाग इथे विचारणा करता येते. जाताना स्लाइडच्या मागे जागा, थरातली उंची, चाळणीचं माप आणि नमुन्याचं कोरडं वजन लिहिलेलं असू द्या, आणि न निवडलेला उरलेला गाळही लेबल लावून सोबत न्या. शंका आली तर पुन्हा त्यातूनच बघावं लागतं.